दोन बोटं तोकडी

शिट्टीसाहेबांच्या ऑफिसचं दार कधी म्हणून धड उघडं राहायचं नाही. डोंगरावरून वारा आला की धाडकन आपटायचं. साहेब दर वेळी दचकायचे आणि दर वेळी आपण दचकलोच नाही असा आव आणायचे. आणि त्या दिवशी काय, तर दार सताड उघडं! बाहेर वारा भणाणतोय आणि दार हूं का चूं करत नाही. चाळीस फ्रेमांचा गठ्ठा छातीशी धरून आत शिरणारी गुण्या त्या दारापाशीच थबकली.

गुण्या म्हणजे सुताराची मुलगी. तिला खरं नाव आहे, पण ते कागदोपत्री. काटकोन तपासायला सुतार जे एल आकाराचं हत्यार वापरतात ना, तो गुण्या. हिला लहानपणापासून जिकडेतिकडे वाकडंच दिसायचं, आणि दिसलं की ती बोलायची. शाळेत मुख्याध्यापक तिला झापत होते तेव्हा तिने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "सर, तुमच्या मागचा नकाशा डावीकडे घसरलाय." तेव्हापासून गुण्या. आता सव्वीस वर्षांची झाली, बापाचं वर्कशॉप तीच चालवते, पण खोड तीच.

तर तिने खाली बघितलं. दाराखाली लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवलेला. एका बाजूला दोन बोटं जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता. एका अंगाला निळा रंग, आणि निळ्या रंगावर छिन्नीने मारलेल्या तीन बारीक खाचा.

तीन खाचा म्हणजे तिच्या बापाची खूण. आणि निळा रंग म्हणजे शाळेचा जुना बाक. त्या बाकाच्या लाकडाची एकच वस्तू बापाने केली होती, आणि ती दाराची पाचर नव्हती.

आता ती वस्तू काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत फुकट जायची.

वस्तीच्या डोक्यावर एक मोठा उघडाबोडका उतार आहे. दर वर्षी त्याची माती थोडी थोडी खाली सरकते. शहरातून शिट्टीसाहेबांची संस्था आली आणि म्हणाली, आम्ही हा डोंगर वाचवणार. साहेब निवृत्त. कशातून निवृत्त ते कुणाला माहीत नाही, पण निवृत्तीत मन रमत नव्हतं एवढं नक्की. गळ्यात शिट्टी, डोक्यावर हिरवी टोपी, आणि मागे रविवारी रविवारी येणारे चाळीस हिरव्या टोप्यांचे स्वयंसेवक. उतारावर आडवे समतल चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता चरात थांबेल, मुरेल, माती धरून ठेवेल. कल्पना चांगली होती. कल्पनेला कोण नावं ठेवतंय!

पण चर समतल हवा ना. त्यासाठी बापाने त्यांना ए-फ्रेम करून दिली, स्वतःच्या हाताने. बाप तिला घोडी म्हणायचा. सोपी वस्तू आहे. दोन उंच पाय, वर एकत्र जोडलेले, मध्ये आडवी पट्टी, आणि शेंड्यावरून दोरीला टांगलेला दगड, म्हणजे ओळंबा. दोन्ही पाय एका पातळीवर टेकले की दोरी पट्टीवरच्या खुणेवर येऊन थांबते. तिथे खुंटी ठोकायची, पुढे जायचं. पहिलीतल्या पोराला कळेल.

आणि बापाने चालवायची कशी तेही दाखवलं होतं. एक पाय रोवायचा, दुसरा कंपाससारखा गर्रकन फिरवून पुढे टेकायचा. मग तो रोवायचा, मागचा फिरवायचा. बाप म्हणाला होता, "उचलून नेऊ नका, फिरवत न्या. म्हणजे घोडी एखाद्या बोटाने खोटी असली तरी या पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते." चाळीस टोप्यांनी माना डोलावल्या. नऊ जणांनी व्हिडिओ काढला.

आणि आता त्या घोडीच्या पायाचा खुर दाराखाली!

गुण्याने फ्रेमा टेबलावर ठेवल्या. साहेब फोनवर होते, "चाळीस भूमिरक्षकांना सर्टिफिकेट, फ्रेमसहित," असं कुणाला तरी सांगत होते. ती तशीच मागे फिरली. बाहेर जीपपाशी ड्रायव्हर काच पुसत होता.

"काय हो, घोडीचा पाय कुणी कापला?"

"मीच," ड्रायव्हर अगदी खुशीत म्हणाला. "मागचं दार लागत नव्हतं ताई. इतकुसं राहत होतं, दोन बोटं. साहेब म्हणाले, काप. खटकन काम झालं! आणि तुकडा बघा ना, आयती पाचर. देवाने जसा दारासाठीच पाठवला."

"दोन्ही पाय कापलेत?"

"दोन्ही कशाला? एक कापला, दार लागलं."

गुण्याने डोळे मिटले. "बरं. फिरवत तरी नेत होता ना?"

"छे हो! पट्टीवर संस्थेचा बोर्ड लावलाय ना, एकाच बाजूला छापलेला. फिरवली की नाव मागे जायचं. साहेब शिट्टी मारायचे, बोर्ड कॅमेऱ्याकडे! मग आम्ही आपली उचलून उचलूनच नेली. अकराच्या अकरा चर."

एक पाय दोन बोटं तोकडा, आणि घोडी कायम एकाच तोंडाने, तोकडा पाय मागे. म्हणजे दर पावलाला चर दोन बोटं खाली. शंभर पावलं, दोनशे बोटं. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तर जेवढी उंची, तेवढा उतार एकेका चराला! त्याला समतल चर म्हणायचं असेल तर घसरगुंडीला गच्ची म्हणा.

संध्याकाळच्या आत ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन उतारावर गेली. फाटकाला कुलूप आणि वर पाटी, 'संरक्षित क्षेत्र, संस्थेच्या परवानगीशिवाय एकही दगड हलवू नये'. पाटीही तिरकी होती, पण ते जाऊ दे. ती कुंपणाखालून आत गेली. नळीचं एक टोक चराच्या सुरुवातीला खुंटीला बांधलं, दुसरं घेऊन चालत गेली, पाण्याची पातळी बघितली. एक चर, दुसरा, तिसरा. सगळे डावीकडून सुरू झालेले, कारण डावीकडे रस्ता होता, जीप होती, सावली होती. आणि सगळे उजवीकडे खाली गेलेले. अकरा चरांची अकरा तोंडं एकाच घळीत उघडत होती. घळीच्या खाली काय होतं? आत्याचं घर.

आता आत्या. बापाची मोठी बहीण. तीस वर्षं रस्त्याच्या गँगवर खडी फोडली तिने, आणि रविवारच्या रविवारी एकेक दगड आणून स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं. मागची भिंत डोंगराला टेकून, दगडमातीची. एकटी राहते. जीभ अशी की बसचा कंडक्टरसुद्धा तिला सुट्टे पैसे मागत नाही.

गुण्याने तिला सगळं सांगितलं. आत्याने ऐकलं, मागच्या भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाली, "म्हणजे आधी सगळ्या डोंगरावर पसरून जाणारं पाणी हे आता गोळा करून माझ्याकडे पाठवणार?"

"हो."

"पत्ता घालून?"

"आत्या, चेष्टा नको. तू आमच्याकडे राहायला ये."

"मी कुठं येत नाही. ही भिंत मी रचलीय. ती पडली तर माझ्यासमोर पडू दे, बघू तिची हिंमत."

ती हलणार नाही हे गुण्याला माहीत होतं. मोठ्या पावसाला पाच आठवडे होते. चर दुरुस्त करता येण्यासारखे होते, म्हणजे पाच-पाच पावलांवर चरात आडवा दगडांचा बांध घातला की पाणी धावणार नाही, ज्या त्या कप्प्यात थांबेल. पण अकरा चर, म्हणजे सव्वादोनशे बांध. वस्तीत वीस घरं, त्यातली निम्मी गुडघे धरून चालणारी. आणि वर ती पाटी. गेल्या वर्षी एका शेळीवालीने तिथून चार दगड उचलले तर साहेबांनी पोलिसांना बोलावलं होतं. म्हणजे काम करायचं तर टोप्यांनीच, आणि टोप्या हलायच्या त्या फक्त शिट्टीवर.

मग काय, पुढच्याच रविवारी ती उतारावर साहेबांसमोर उभी राहिली. हातात तो तुकडा. त्या दिवशी ऑफिसातून निघताना तिने तो दाराखालून काढूनच घेतला होता.

"साहेब, घोडीचा पाय कापलाय."

"ए-फ्रेम म्हण, बाळ."

"ए-फ्रेमचा पाय कापलाय."

"हो हो. तांत्रिक सुधारणा केली आपण. वाहतुकीच्या दृष्टीने."

"पण त्यामुळे सगळे चर उजवीकडे उतरलेत. मी नळी लावून बघितलं."

साहेब हसले. लहान पोराने 'चंद्र माझ्या मागे येतो' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसं. मग टोप्यांकडे वळून, आवाज चढवून म्हणाले, "मित्रांनो, चांगला प्रश्न आहे! ओळंबा कशावर चालतो? गुरुत्वाकर्षणावर. पायावर नाही. आता मला सांगा, लाकडाचा पाय कापल्याने गुरुत्वाकर्षण कमी होतं का?"

"नाही!" चाळीस टोप्या.

एकाने ते वहीत लिहून घेतलं. खरंच! गुण्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

तरी तिने हार मानली नाही. घोडी उभी केली, तोकड्या पायाखाली तुकडा सरकवला. निळा रंग निळ्या रंगाला असा जुळला की मध्ये करवतीची रेघ तेवढी दिसत होती. "आता बघा दोरी. खुणेवर. आता तुकडा काढते. बघा. गेली ना बाजूला?"

"वारा आहे," साहेब म्हणाले.

"वारा नाहीये साहेब."

"डोंगरावर वारा असतोच, बाळ. तू लेखी दे. आपल्याकडे पद्धत आहे."

तिने लेखी दिलं. दोन पानं, आकृतीसह. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या भिंतीवर अहवाल लागला, त्यात ओळ होती: 'स्थानिक महिलेने तांत्रिक बाबींत रस घेतला. प्रतिसाद उत्साहवर्धक.' पालथ्या घड्यावर पाणी परवडलं, निदान घडा परत अहवाल लिहीत नाही.

आणि मग एका दुपारी एक ढग आला. मोसमाचा पाऊस नाही, वाट चुकलेला एक ढग, तासभर बरसला आणि गेला. एरवी असल्या पावसाने डोंगर नुसता ओला व्हायचा. त्या दिवशी अकरा चर भरभरून धावले. गुण्या छत्री न घेता धावत गेली तर आत्या पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, हातात झाडू, आणि पलंगाखालून तांबडं पाणी निवांत चाललंय. मागच्या भिंतीला पोट आलं होतं. तळहात मावेल एवढं, पण आलं होतं. ज्याने भिंती बघितल्यात त्याला कळतं, पोट आलेली भिंत परत आत जात नाही. अजून एक असा तास आणि मग मोठा पाऊस. संपलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दोन टोप्या, एक कॅमेरा. आत्याच्या दारात उभं राहून चिखल बघितला आणि यांचा चेहरा असा उजळला!

"पाणी! बघा, पाणी आलं! या उतारावर कुणी पाणी बघितलं होतं का आजवर?"

"उतारावर नाही साहेब," आत्या म्हणाली, "माझ्या पलंगाखाली आलंय."

"तेच तर! थेट लाभार्थीपर्यंत!"

आत्याने झाडू उचलला. गुण्याने मनगट धरलं म्हणून, नाहीतर लाभार्थीने थेट लाभ दिलाच असता.

साहेब गेल्यावर दोघी पायरीवर बसल्या. गुण्या उसळून म्हणाली, "आत्या, माझ्याकडे तुकडा आहे, नळी आहे, आकृती आहे. सगळं खरं माझ्याकडे आहे, आणि तो माणूस हसतो!"

"अगं, त्याला चूक दाखवायला जातेस कशाला? त्याला चूक परवडत नाही. चाळीस फ्रेमा करवून बसलाय." आत्याने चिखलातली काटकी उचलून फेकली. "त्याला काय आवडतं ते बघ की."

"काय आवडतं? शिट्टी."

"माफ करायला आवडतं."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. ड्रायव्हरने जीप खांबाला घासली तेव्हा साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर वीस मिनिटं माफ केलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, त्यापेक्षा पगार कापला असता तर बरं. शेळीवालीला तर पोलिसांसमोर माफ केलं, आणि मग फोटो काढला, शेळीसकट. माफ करताना त्यांचा आवाज खोल जायचा, डोळे ओलसर व्हायचे. आणि माफ केलेल्या चुकीची दुरुस्ती ते इतक्या हौसेने करून द्यायचे की विचारू नका, कारण ती दुसऱ्याची असायची ना!

म्हणजे चर दुरुस्त व्हायचे असतील तर चूक दुसऱ्याची हवी. आणि दुसरा कोण? घोडी केली कुणी?

हे बापाला सांगायचं म्हणजे! बाप असा माणूस की त्याने केलेलं स्टूल डुगडुगलं तर तो म्हणायचा, "स्टूल सरळ आहे, तुमची जमीन तपासा." आणि गंमत म्हणजे जमीनच वाकडी निघायची. चाळीस वर्षांत लाकडाचं एकही काम परत आलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तर याच्या बाबतीत अंगण खरंच वाकडं असायचं.

वर्कशॉपमध्ये तो रंधा मारत होता. गुण्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. समारोपाच्या, त्या सर्टिफिकेटांच्या कार्यक्रमात मी उठते, म्हणते, घोडी करताना आमचाच पाय तोकडा झाला, आम्हाला माफ करा. मग तो माफ करेल, बांध घालून देईल, भिंत वाचेल.

रंधा थांबला.

"माझी घोडी खोटी होती म्हणणार?"

"बाबा..."

"माझी?"

"तुमची नाही, माझी म्हणते. मीच कापला म्हणते."

"वर्कशॉपवर पाटी कुणाच्या नावाची आहे?" त्याने रंधा बाकावर आपटला. "हॉटेलवाला वीस दारांची ऑर्डर द्यायला बसलाय. तो येणारे त्या कार्यक्रमाला. त्याच्यासमोर सांगणार, आम्हाला दोन पाय सारखे करता येत नाहीत? त्या टोपीवाल्याने करवत मारली, आणि मी मान खाली घालू?"

"मग भिंत पडू दे?"

बापाने रंधा परत उचलला.  दोन दिवस जेवायला बसला की ताटाकडे बघायचा, जणू तेही कुणी कापलंय. मध्येच एकदा काठी टेकत आत्याकडे जाऊन आला. भिंतीला हात लावून बघितला असावा, कारण परत आला तेव्हा तळव्याला तांबडी माती होती. ती त्याने धुतलीसुद्धा नाही.

समारोपाचा रविवार. उताराच्या पायथ्याला मांडव, खुर्च्या, माईक. चाळीस टोप्या पुढे, वस्ती मागे. हॉटेलवाला दुसऱ्या रांगेत मोबाइल बघत. टेबलावर गुण्याने केलेल्या चाळीस फ्रेमा, प्रत्येकीचे चारी काटकोन अचूक, आत सर्टिफिकेट. साहेब चाळीस मिनिटं बोलले. डोंगर रडत होता, आपण त्याचे अश्रू पुसले, वगैरे. गुण्याच्या खिशात तो तुकडा होता, आणि ती तो इतक्या जोरात दाबत होती की तीन खाचा बोटांवर उमटल्या. मनात एकच चाललं होतं, की हा तुकडा काढून फेकून मारावा, सरळ त्या शिट्टीवर. सगळ्यांसमोर घोडी मांडावी, दोरी दाखवावी, हसावं. एकदा तरी आपण हसावं! आणि मग? मग साहेब म्हणतील, वारा आहे. आणि चर तसेच.

ती उठायला लागली. एवढ्यात खांद्यावर हात पडला आणि तिला खाली दाबलं. बाप. काठी टेकत, दुखरा गुडघा ओढत, तो माईककडे निघाला होता.

"साहेब," तो म्हणाला, "मी गुन्हेगार आहे."

हॉटेलवाल्याने मोबाइलमधून मान वर केली.

"मीच ती घोडी केली. एक पाय तोकडा झाला माझ्या हातून. आता दिसत नाही मला नीट. हात थरथरतो." आणि त्याने हात पुढे करून थरथरवून दाखवला! तो हात, जो केसाइतकी फट डोळे मिटून ओळखतो! "माझ्या चुकीने तुमचे चर वाकडे झाले. एवढं थोर काम, आणि मला म्हाताऱ्याला दोन पाय सारखे करता आले नाहीत. मला झोप लागत नाही साहेब." इथे त्याने डोळे पुसले. कोरडेच होते, पण पुसले.

गुण्याला हसू यायला लागलं, आणि तिने खिशातला तुकडा आणखी घट्ट दाबला. मागून आत्या पुटपुटली, "सोंग बघा मेल्याचं. लहानपणी मार चुकवायला असंच करायचा."

आणि साहेब! साहेब उठले, अगदी सावकाश. शिट्टी हाताने बाजूला सारली. बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज खोल गेला. "चूक माणसाकडून होते, काका. मला आधीपासून शंका होती." हो, म्हणाले तसं! "ए-फ्रेममध्ये काहीतरी दोष आहे हे मी ओळखलं होतं. पण एका कष्टकऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प बसलो. आज तुम्ही स्वतः पुढे आलात. मी तुम्हाला माफ करतो."

टाळ्या. चाळीस टोप्या उभ्या राहिल्या. तो वहीवाला परत लिहीत होता. ड्रायव्हर मात्र जीपमागे जाऊन उभा राहिला, तोंड लपवून, आणि त्या अख्ख्या मांडवात लाज वाटली असेल तर त्या एकट्याला.

"आणि ही चूक," साहेब गरजले, "आपण दुरुस्त करू! पाच-पाच पावलांवर दगडी बांध! माझी कल्पना आहे!"

ती कल्पना गुण्याच्या दोन पानांतल्या दुसऱ्या पानावर होती, आकृतीसह. पण ते जाऊ दे, जाऊ द्यायचंच ठरलं होतं.

हॉटेलवाल्याने मोबाइल खिशात टाकला, बापाच्या थरथरत्या हाताकडे एकदा बघितलं, आणि उठून गेला. वीस दारं शहरातल्या दुकानातून आली. प्लायवूडची. बाप त्यावर एकच वाक्य बोलला, "फुगतील." आणि फुगली. पण ती फुगली म्हणून काही ऑर्डर परत आली नाही. त्यानंतर कपाटवाले आले नाहीत, शाळेचे बाकही बाहेरून आले. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, हे डोंगरभर झालं. आता कुणी काही करायला दिलंच तर आधी विचारतात, "पोरगी करणार ना? काका नाही ना?" बाप आतून ऐकतो आणि रंधा मारत राहतो.

बांध मात्र झाले. तीन रविवारांत सव्वादोनशे. गुण्या रोज मागून फिरून प्रत्येक बांध पायाने दाबून बघायची. निम्मे पडायचे. ते आत्या येऊन परत रचायची, कारण आता त्यांना 'पश्चात्तप्त कुटुंब' म्हणून फाटकातून आत जायची खास परवानगी होती. तीस वर्षं दगड हाताळलेली बाई ती! टोप्यांचा दगड उचलायची, उलटा करायची, ठेवायची, म्हणायची, "यांना आईने चमचा तरी धरायला शिकवला होता का?" संस्थेने त्या बांधांना नाव दिलं, 'क्षमाबंध'. पाटी लागली. संस्थेला कुठलंसं बक्षीस मिळालं.

मोठा पाऊस आला, चार महिने पडला. चरांत पाणी कप्प्याकप्प्याने थांबलं, जागच्या जागी मुरलं. घळीत धार आली ती मनगटाएवढी. आत्याच्या भिंतीला बाहेरून बापाने दोन तिरके टेकू दिले होते, थरथरत्या हाताने, आणि ते असे बसले होते की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. पोट होतं तेवढंच राहिलं.

पाऊस सरल्यावर साहेब आले, लाभार्थीच्या घरी फोटो काढायला. आत्याने चहा केला. साहेब खुर्चीत बसले, कप टेबलावर ठेवला, आणि कौतुकाने त्या टेबलाकडे बघत राहिले. टेबल जुनं, एक पाय उंदरांनी खाल्लेला, पण कप काठोकाठ भरलेला आणि थेंब सांडत नव्हता.

"वा! टेबल मात्र अगदी समतल आहे हं तुमचं."

गुण्या दारात उभी होती. तिने टेबलाखाली बघितलं. निळ्या रंगाचा तो तुकडा, तीन खाचा बाहेरच्या बाजूला.

"हो ना," आत्या म्हणाली. "लाकूड तुमच्याकडूनच आलंय, साहेब."

"संस्थेकडून?" साहेबांना फार बरं वाटलं. "आठवत नाही, पण आपण करत असतो असं काही ना काही. अरे, घे रे, याचा एक फोटो घे!"

टोपीवाला गुडघ्यावर बसला. क्लिक. तो फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे, गुण्याने केलेल्या फ्रेममध्ये, आणि खाली दार वाऱ्याने आपटतंय.